बंदर मोठं होतं ते पाण्यामुळे की पाठीमागच्या वाटेमुळे?

उधाण (धागाकर्ता)

बंदरांचा इतिहास वाचताना एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतोय, म्हणून हा धागा. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो की किनारा दंतुर असला की चांगली नैसर्गिक बंदरं मिळतात आणि मग तिथे व्यापार वाढतो. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा मात्र पडताळायला गेलं की ठिकठिकाणी अडखळतो.

श्रीलंकेतलं त्रिंकोमाली घ्या. जगातल्या मोठ्या आणि खोल नैसर्गिक बंदरांत त्याची गणना होते. जमिनीने वेढलेलं पाणी, आत शिरलं की वाऱ्याची भीती नाही. पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज, सगळ्यांची त्यावर नजर होती आणि इंग्रजांनी तिथे मोठा नाविक तळ ठेवला. पण व्यापारी शहर म्हणून ते कधीच पहिल्या रांगेत आलं नाही. त्याच बेटाच्या दुसऱ्या बाजूला कोलंबो. तिथे नैऋत्य मोसमी वाऱ्यात जहाजं उघड्या समुद्रात हेलकावे खात उभी राहायची. तरीही १८७५ मध्ये तिथे लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याची पायाभरणी झाली, १८८५ पर्यंत तो पुरा झाला आणि आधी आगबोटी जिथे थांबायच्या ते गॉल बंदर मागे पडलं.

का? कारण कॉफीचे आणि पुढे चहाचे मळे मधल्या डोंगराळ भागात होते आणि तिथून रेल्वे कोलंबोला उतरत होती (कँडीपर्यंतचा मार्ग १८६७ मध्ये सुरू झाला). त्रिंकोमालीच्या पाठीशी होता कोरडा, विरळ वस्तीचा प्रदेश. बंदर उत्तम, पण जहाजात भरायला मालच नाही.

दुसरं उदाहरण मद्रासचं. तिथे १६३९ मध्ये कंपनीने जागा घेतली तेव्हा बंदर नावाचं काही नव्हतंच. सरळ वाळूचा किनारा आणि फुटणाऱ्या लाटा. जहाज लांब उभं राहायचं आणि काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून माणसं आणि गाठोडी किनाऱ्यावर यायची. खिळ्यांची होडी त्या लाटांत फुटली असती. शिवलेली होडी लवचीक, म्हणून टिकायची. असा किनारा असून शहर वाढलं, कारण मागे विणकरांची गावं होती आणि कापडाला गिऱ्हाईक होतं. कृत्रिम बंदराचं काम १८७० च्या दशकात सुरू झालं, म्हणजे शहर आधी आणि बंदर जवळजवळ अडीच शतकांनी.

माझं म्हणणं असं की बंदर समुद्राकडून बघू नये, जमिनीकडून बघावं. बंदराच्या पाठीमागचा मुलूख, भूगोलाच्या पुस्तकात ज्याला पृष्ठप्रदेश म्हणतात, तोच बंदराचा खरा धनी. पण एवढ्याने भागत नाही असंही वाटतं. पृष्ठप्रदेश माल देईल. माल येऊन निघून जाईल. तिथे माणसं का राहिली, घरं का बांधली, हे त्यातून कळत नाही. जाणकारांनी लिहावं.

गलबत

वाचतोय. पृष्ठप्रदेशाच्या मुद्द्याला सह्याद्रीइतका चांगला साक्षीदार नाही. कोकणात खाड्यांना तोटा नाही, पण सातवाहनांच्या काळी मोठी झाली ती सोपारा आणि कल्याण. नाणेघाटाने चढून जुन्नर आणि तिथून पैठणपर्यंत जाणारी वाट त्यांच्या पाठीशी होती. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणीचा शिलालेख आहे, माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. राजघराण्याने एवढं लक्ष त्या खिंडीवर दिलं, कारण बंदराची किल्ली खिंडीत होती. मुंबईचंही तेच. पाणी आधीपासून खोलच होतं, पण बोरघाटातून रेल्वे गेली ती १८६३ मध्ये आणि त्यानंतर दख्खनचा कापूस सरळ धक्क्यावर यायला लागला.

लंगर

धाग्याचा विषय आवडला, पण पाण्याला इतकं दुय्यम करू नका अशी विनंती. मी बंदर-बांधकामाच्या क्षेत्रात काम केलेलं आहे. आमच्या धंद्यात रोजचा वैरी एकच, तो म्हणजे गाळ. जमिनीकडून नुसता मालच येत नाही, त्याच वाटेने, त्याच नदीने गाळही येतो. ज्या नदीमुळे पृष्ठप्रदेश मिळतो तीच नदी बंदर बुजवते.

एफेसस बघा, आजच्या तुर्कस्तानात. रोमन काळात आशिया प्रांतातलं अव्वल बंदर. केस्टर नदीचा गाळ बंदरात साठायचा. पर्गमनच्या अट्टालस राजाला वाटलं की बंदराचं तोंड अरुंद केलं तर पाणी जोरात वाहील, गाळ बाहेर फेकला जाईल. बांध घातला. झालं उलटंच. बाहेरच्या भरतीचा आणि लाटांचा जो खळबळाट आतला गाळ उचलून नेत होता तोच बंद पडला आणि गाळ आतच बसायला लागला. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने हे नोंदवून ठेवलंय. आज समुद्र तिथून कितीतरी किलोमीटर लांब आहे. शेजारचं मायलीटस तसंच, मिअँडर नदीने शेतांच्या मधोमध नेऊन सोडलेलं.

रोमचं तर आणखी बोलकं. टायबरच्या मुखाशी ओस्टिया होतं, पण वाळूच्या दांड्यामुळे मोठी धान्याची जहाजं आत येऊ शकत नव्हती. इजिप्तचं धान्य वेळेवर आलं नाही तर राजधानीत दंगे. म्हणून क्लॉडियसने इ. स. ४२ मध्ये मुखाच्या उत्तरेला समुद्रात बांध घालून नवं बंदर सुरू केलं. त्याचा विस्तार इतका मोठा ठेवला की आतलं पाणीच खवळायचं. ६२ साली वादळात बंदराच्या आत असलेली सुमारे २०० जहाजं बुडाल्याची नोंद आहे. पुढे ट्रेजनने जमिनीत आत षटकोनी तळं खणलं, एकेक बाजू साडेतीनशे मीटरांच्या वर. ते चाललं. आजही ते तळं तसंच आहे, रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाजवळ, पण समुद्राशी संबंध तुटलेलं, किनाऱ्यापासून आत.

आता अलेक्झांड्रिया. नाईलच्या त्रिभुज प्रदेशावर कुठेही शहर वसवता आलं असतं. जागा निवडली ती पार पश्चिमेच्या टोकाला. तिथला सागरी प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे नाईलचा गाळ पलीकडे जातो आणि हे बंदर मोकळं राहतं. नदीची वाट हवी म्हणून कालव्याने जोडून घेतलं. नदीचा फायदा घ्यायचा आणि गाळ टाळायचा, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. इ. स. पू. ३३१ मध्ये वसलेलं शहर आजही चालू बंदर आहे, ते उगाच नाही.

उधाण (धागाकर्ता)

लंगर, एफेससचा किस्सा माहीत नव्हता, धन्यवाद. पण गाळाने बंदर मेलं असं जिथे जिथे लिहिलेलं असतं तिथे मला जरा थांबावंसं वाटतं. आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजचं उदाहरण नेहमी देतात. ११३४ च्या वादळाने समुद्रापासून आत एक खाडी तयार झाली, झ्विन नावाची, तिच्या जोरावर ब्रूज युरोपातलं मोठं व्यापारी शहर झालं आणि पंधराव्या शतकात खाडी भरली म्हणून शहर संपलं, अशी सरळ गोष्ट सांगतात.

पण खाडी काही एका वर्षात भरली नाही. शे-दीडशे वर्षं मोठी जहाजं खालच्या डामे आणि स्लाऊस या बंदरांत थांबत होती आणि माल लहान होड्यांतून वर जात होता. व्यापाऱ्यांना ते परवडत होतं, कारण हुंड्या, विमा, गोदामं, ओळखीपाळखी सगळं ब्रूजमध्ये होतं. मोडलं ते १४८० च्या दशकात. शहराने तिथला राज्यकर्ता मॅक्सिमिलियन याच्याविरुद्ध बंड केलं, त्याला काही काळ कैदेतही ठेवलं आणि त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला निघून जाण्याचे हुकूम काढले. माणसं एकदा गेली ती परत आली नाहीत. गाळ उपसायला पैसा आणि माणसं असली की बंदर जगतं. ती गेली की गाळ जिंकतो.

लंगर

मान्य, पण अर्धंच. गाळ उपसण्याचा खर्च दर वर्षी वाढत जातो आणि एका टप्प्यावर शेजारचं खोल बंदर स्वस्त पडतं. व्यापारी राजाच्या हुकमाने गेले हे खरं, पण जायला अँटवर्प नावाची खोल नदीवरची जागा तयार होती म्हणून हुकूम लागू पडला.

सागरिका

उधाण, तुमच्या पहिल्या पोस्टच्या शेवटी जो प्रश्न आहे, माणसं का राहिली, त्याबद्दल लिहिते. माझ्या मते उत्तर एका शब्दात आहे: मुक्काम.

हिंदी महासागरात शिडाची जहाजं मोसमी वाऱ्यांवर चालायची. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडून वारा, तेव्हा अरबस्तान आणि हिंदुस्थानातून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचं. एप्रिलनंतर वारा फिरला की परत. पोचल्यावर माल विकून दोन दिवसांत निघू म्हटलं तरी निघता येत नसे. महिनोन्महिने थांबावंच लागे. थांबायचं म्हणजे राहायला जागा, गोदाम, जामीन राहणारा माणूस, प्रार्थनेची जागा, दफनभूमी हे सगळं आलं. कित्येकांचे संसारही तिथे उभे राहिले. किल्वा, मोम्बासा, लामू ही प्रवाळी दगडात बांधलेली शहरं अशी उभी राहिली. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेल्या सोफाल्याचं सोनं किल्व्याच्या ताब्यात होतं हे खरं, पण शहर बनवलं ते वारा बदलायची वाट बघणाऱ्या माणसांनी आणि त्यांना सामावून घेणाऱ्या स्थानिकांनी.

आपल्याकडचा पुरावा बघा. कोल्लमचे ताम्रपट, सन ८४९. वेणाडच्या राजप्रतिनिधीने तिथल्या ख्रिस्ती देवळाला आणि व्यापारी मंडळींना हक्क दिले. साक्षीदारांच्या सह्या कुफी अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत आहेत. एका किनाऱ्यावरच्या एका दस्तावर मुसलमान, पारशी धर्माचे आणि ज्यू साक्षीदार. हे लोक पाहुणे असते तर साक्षीला बसले नसते. साक्ष कोणाची घेतात? जो पुढच्या वर्षी भांडण झालं तर सापडेल त्याची.

बाराव्या शतकातला अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी मंगळुरात बरीच वर्षं राहिला. तिथे पितळी भांड्यांचा कारखाना चालवला, आशू नावाच्या स्त्रीला दास्यातून मुक्त केलं, तिच्यापासून त्याला मुलं झाली. कैरोच्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांत त्याची पत्रं सापडली म्हणून हे कळलं. त्याच्यासारखे किती असतील ज्यांचे कागद सापडले नाहीत. चीनच्या क्वांझोमध्ये १२८१ चा तमिळ शिलालेख आहे, शिवमंदिराशी संबंधित. त्याच शहरात अकराव्या शतकातली मशीदही आहे.

आजच्या मलेशियातली मलाक्का तर मुक्कामावरच उभी होती. दोन मोसमी वाऱ्यांच्या सांध्यावरची जागा; चीनकडून येणारी जहाजं एका वाऱ्याने येत, हिंदुस्थानकडची दुसऱ्या. एकमेकांची वाट बघणं भागच होतं. पंधराव्या शतकात तिथे चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमलेले असत. गुजरात्यांसाठी एक स्वतंत्र, चिनी मंडळींसाठी एक आणि बाकीच्यांसाठी दोन. आलेल्या व्यापाऱ्याची सोय लावणं, माल मोजून घेणं, तंटा सोडवणं हे त्यांचं काम. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये शहर घेतल्यावर तिथे आलेल्या तोमे पिरेसने ८४ भाषा ऐकू येतात असं लिहिलं. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी त्या शहराचं रूप कळतं.

म्हणून मला वाटतं, मालाने बंदर होतं आणि थांबण्याने गाव होतं.

मोहरा

सागरिका, फार सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

दर्यावर्दी_७

पृष्ठप्रदेश, पाणी, मुक्काम, सगळं वाचलं. सत्तेचा हात मात्र कोणी पुरेसा मोजत नाहीये. ब्रूजचा मुद्दा उधाण यांनी काढला तो नियमच आहे, अपवाद नाही.

इ. स. पू. १६६ च्या सुमारास रोमने ग्रीसमधलं डेलोस हे चिमुकलं बेट जकातमुक्त बंदर करून टाकलं. बेटावर पिकायला जमीन नाही, गोडं पाणी जेमतेम. शेजारी रोड्ससारखं भक्कम, दोन शतकं व्यापारावर पोसलेलं बंदर. तरी व्यापार डेलोसला वळला. रोड्सच्या दूताने रोममध्ये जाऊन रडगाणं गायलं की आमचं बंदराचं उत्पन्न दहा लाख ड्रॅक्मांवरून दीड लाखावर आलं. म्हणजे ना पाणी बदललं, ना वारा. फक्त जकातीचा नियम बदलला. आणि ज्या हाताने दिलं त्यानेच काढलं म्हणा हवं तर: पुढच्या शतकात युद्धात आणि चाच्यांच्या हल्ल्यात डेलोस दोनदा लुटलं गेलं, व्यापार इटलीच्या बंदरांकडे सरकला होता, कोणी पुन्हा उभं केलं नाही. बेट ओस पडलं.

आपल्याच किनाऱ्यावर बघा. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत म्हटलंय की कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती, पण नंतरच्या सत्ताधाऱ्याने तिथला व्यापार रोखला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात बरुगाझाला, म्हणजे भरुचला नेली जात. गलबत यांनी सांगितलेली नाणेघाटाची वाट तिथेच होती, डोंगर हलला नव्हता. पण शक आणि सातवाहनांच्या भांडणात बंदराचा गळा आवळला गेला.

आणि अँटवर्प. १५८५ मध्ये स्पॅनिश फौजेने शहर घेतलं, डचांनी शेल्ट नदीचं तोंड धरून ठेवलं. काही वर्षांत लोकसंख्या निम्म्यावर आली. कारागीर, छापखानेवाले, सावकार उत्तरेला गेले आणि ॲम्स्टरडॅम वर आलं. खोल नदी तशीच, मागचा सधन मुलूख तसाच. त्यानंतर दोनशे वर्षं नदी मोकळी नव्हती.

सागरिका

दर्यावर्दी, अँटवर्पबाबत माझा थोडा मतभेद. तिथून माणसं ॲम्स्टरडॅमला गेली म्हणूनच ॲम्स्टरडॅम वर आलं ना? सत्तेने दार लावलं, पण पतपेढी, कसब, पत्रव्यवहार हे माणसांच्या सोबत गेलं. डेलोस मात्र तुमच्याच बाजूचं आहे. तिथे माणसं फक्त सवलतीसाठी होती, सवलतीचं मोल संपल्यावर मुळं धरायला जमीनच नव्हती.

खाडीकाठ

भरुचचं नाव निघालं म्हणून एक जोड. पेरिप्लसमध्ये त्या आखाताची वर्णनं थरारक आहेत. भरती इतक्या जोरात येते की जहाज उलटं फिरतं, उथळ वाळूत कलंडतं. नर्मदेचं मुख नवख्याला सापडतही नाही. त्यासाठी राजाच्या नोकरीतले कोळी आपल्या लांबट होड्या घेऊन पार समुद्रात जात, आलेल्या जहाजाला ठराविक मुक्कामांवरून, भरती-ओहोटीच्या वेळा साधत, ओढून आत आणत. आज ज्याला पायलट म्हणतात ते काम त्या काळी चालू होतं. किनाऱ्यावरच्या माणसांचं ज्ञान हेही बंदराचं भांडवल असतं, आणि ते कुठल्याच व्याख्येत येत नाही. वाईट बंदर चांगलं चालवणारी माणसं असली की पाण्याचे दोष झाकले जातात.

एक शंका लंगर यांना: इतकी भरती-ओहोटी असलेल्या ठिकाणी धक्क्याला जहाज लावायचं कसं? ओहोटीला तर तळच उघडा पडत असेल.

लंगर

बरोबर, उघडा पडतो. जुन्या काळी सपाट बुडाची गलबतं चिखलातच बसवायची आणि ओहोटीत बैलगाडी थेट बाजूला लावून माल काढायचे. जड तळाच्या जहाजांना ते चालत नाही, कणा मोडतो. त्यावर उपाय दरवाजांची गोदी. लिव्हरपूलला १७१५ मध्ये अशी पहिली व्यापारी गोदी सुरू झाली. भरतीला दरवाजे उघडायचे, जहाजं आत घ्यायची, ओहोटी लागण्याआधी बंद करायचे. आतलं पाणी एकाच पातळीला राहतं. मर्सी नदीत पाणी आठ-नऊ मीटर वर-खाली होतं, तिथे माल चढवायचे दिवस पार कमी झाले. लोथलच्या विटांच्या हौदाबद्दलही असाच दावा आहे, सुमारे २१५ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद. एस. आर. राव यांनी त्याला गोदी म्हटलं. काही अभ्यासक त्याला पाण्याची टाकी मानतात. माझा कल गोदीकडे आहे, शेजारचं गोदाम आणि तिथे सापडलेल्या मातीच्या मुद्रांकित ठशांमुळे. पण वाद अजून चालू आहे.

वैशाखी

आतापर्यंतची सगळी चर्चा शिडाच्या आणि वाफेच्या काळातली. सागरिका म्हणतात तो मुक्काम आमच्या घराने शेवटच्या टप्प्यात बघितलाय. माझे वडील गोदीत टॅली क्लार्क होते, आलेल्या-गेलेल्या नगांची मोजदाद ठेवायचे. गोणी, पेट्या, पिंपं, चहाच्या खोक्यांचे ढीग, एकेक नग माणसाच्या खांद्यावरून. जहाज धक्क्याला लागलं की आठवडा-दोन आठवडे कुठे जात नसे. आयुष्यातला निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ मालवाहू जहाज बंदरातच काढायचं. त्या वेळावर किती लोक जगायचे! तोलाईवाले, माथाडी, शिडं आणि दोर दुरुस्त करणारे, खानावळी, खलाश्यांची वसतिगृहं, पुढची नोकरी मिळवून देणारे.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीनच्या 'आयडियल एक्स' या जहाजावरून ५८ मोठ्या बंद पेट्या (कंटेनर) नेवार्कहून ह्यूस्टनला गेल्या. तो दिवस बंदराच्या इतिहासात कोणत्याही लढाईपेक्षा मोठा. पेटी कारखान्यात बंद होते ती गिऱ्हाइकाच्या दारात उघडते, मधे कोणी हात लावत नाही. माल चढवण्याचा खर्च इतका कोसळला की त्याची तुलनाच होत नाही. आणि जहाजाचा मुक्काम आठवड्यांवरून तासांवर आला.

लंडनच्या गोद्या बघा. वेस्ट इंडिया डॉक १८०२ चा. ईस्ट इंडिया डॉक १९६७ मध्ये बंद झाला, त्यापाठोपाठ सेंट कॅथरिन, आणि १९८०-८१ पर्यंत वरच्या सगळ्या गोद्या. नदी तीच, शहर तेच, पृष्ठप्रदेश तर आणखी सधन झालेला. फक्त मोठ्या पेटीजहाजाला तिथे यायचं कारण उरलं नाही. हजारो गोदी कामगारांच्या वस्त्या काही वर्षांत बेकार झाल्या. आज तिथे बँकांच्या काचेच्या इमारती आहेत.

याच काळात इंग्लंडचं सगळ्यात मोठं पेटीबंदर झालं फेलिक्सस्टो. लोकवस्ती साधारण २५ हजार. उधाण, तुमच्या प्रश्नाला हे माझं उत्तर आहे. आता बंदर गाव वसवत नाही. देशाचा एवढा मोठा व्यापार एका लहान गावाच्या कडेने निघून जातो आणि गाव लहानच राहतं.

लंगर

वैशाखी, यात माझ्याकडची भर. पेटीने फक्त वेळच कमी केला नाही, जहाजंही वाढवली. आज सर्वात मोठी पेटीजहाजं ४०० मीटर लांब, पूर्ण भरल्यावर १६ मीटरांहून जास्त पाण्यात बुडणारी. एवढी खोली जुन्या शहरांच्या नदीत नसतेच. त्यामुळे बंदरं खाली, समुद्राकडे चालत सुटली. रॉटरडॅमने १८७२ मध्ये समुद्रापर्यंत नवा जलमार्ग खणला, मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपोर्ट, मग समुद्रात भर टाकून मास्फ्लाक्ट, आणि २०१३ मध्ये त्याच्याही पुढे दुसरा भराव. शहरापासून जवळपास ४० किलोमीटर. शांघायने २००५ मध्ये यांगशान बेटांवर बंदर नेलं, साडेबत्तीस किलोमीटरचा पूल बांधून. सिंगापूरमध्ये तुआसचं काम चालू आहे, २०२२ मध्ये औपचारिक उद्घाटन झालं. शहराच्या मध्यालगतचे जुने धक्के २०२७ पर्यंत तिकडे हलवायचे ठरलंय.

गलबत

रोगांबद्दल कोणी लिहिलं नाही. मुक्कामाची ही दुसरी बाजू. १३४७ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला जेनोवाच्या जहाजांतून प्लेग उतरला आणि युरोपभर गेला. १३७७ मध्ये रागुझाने (आजचं दुब्रॉव्हनिक) नियम केला की साथीच्या मुलखातून आलेल्यांनी शहरात शिरण्याआधी तीस दिवस बाहेर, बेटांवर राहावं. व्हेनिसने १४२३ मध्ये बेटावर कायमचं इस्पितळ काढलं. व्यापार बंद करायचा नाही आणि रोगही आत येऊ द्यायचा नाही, यातून सार्वजनिक आरोग्याची पहिली खाती बंदरांतच जन्माला आली. माझ्या मते हेही वस्तीला बंदराने दिलेलं देणं आहे.

उधाण (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वैशाखी, फेलिक्सस्टोचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याची एक बाजू जहाजावरच्या माणसांची आहे. पूर्वी खलाशी बंदरात उतरायचा, आठवडे काढायचा, कधी तिथलाच व्हायचा. आज मोठ्या बंदरात जहाज दिवसभर थांबतं, धक्का शहरापासून लांब, परवानग्या कडक. कित्येक खलाशी देशामागून देश करतात आणि जमिनीवर पाऊलही ठेवत नाहीत. २०२० मध्ये साथीमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा करार संपूनही सुमारे चार लाख खलाशी जहाजांवर अडकून पडले होते. जगाचा बहुतेक माल त्यांच्या हातून जातो आणि त्यांना घरी पाठवायला कोणत्याही बंदराला आपलं म्हणता येईना, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. बंदराशी माणसाचं नातं तुटलं की त्याची जबाबदारी कोणाची हेही धूसर होतं.

खाडीकाठ

अगदी. आणि नुकसान जहाजावरच्यांचंच नाही. लंगर, मद्रासला बंदर बांधल्यावर किनाऱ्याचं काय झालं ते सांगाल का? तिथल्या उत्तरेकडच्या कोळी वस्त्यांबद्दल ऐकून आहे.

लंगर

ठीक ऐकलंय. त्या किनाऱ्यावर लाटा तिरप्या येतात आणि वर्षभराचा हिशेब केला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. १८७६ नंतर समुद्रात बांध घातले. १८८१ च्या वादळाने त्यांची मोठी नासधूस केली, पुन्हा उभारले. बांध म्हणजे वाळूच्या वाटेत भिंत. दक्षिणेला वाळू साठत गेली आणि मरीनाची रुंद पुळण तयार झाली, जिथे आज सगळं शहर फिरायला जातं. उत्तरेला रोयापुरमकडे वाळू पोचेना, पण लाटा तर वाळू उचलतच राहिल्या. किनारा आत सरकला, घरं आणि रस्ते गेले, पुढे दगडी भिंती घालाव्या लागल्या. आणि भिंतीमुळे होड्या ओढून ठेवायला जी पुळण लागते तीही राहत नाही, मग कोळ्यांना लांब जावं लागतं.

याला उपाय आहे आणि तो जुना आहे. अडलेली वाळू उपसून बांधाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर टाकत राहायची. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला हे कित्येक दशकं चालू आहे, विशाखापट्टणमलाही बंदरातली उपसलेली वाळू उत्तरेच्या किनाऱ्याला दिली जाते. काम कधी संपत नाही, जोवर बांध आहे तोवर वाळू फेकत राहावी लागते. म्हणून हा खर्च बंदराच्या पहिल्या अंदाजपत्रकातच धरायला हवा. नव्या बंदराच्या जनसुनावणीला कोणी जाणार असेल तर अहवालात वाळू कुठून कुठे वाहते याची किती वर्षांची मोजणी आहे आणि उपशाचा वार्षिक खर्च कोणाच्या नावावर आहे, हे दोन प्रश्न जरूर विचारा. लागतील ती तांत्रिक कागदपत्रं वाचून समजावून द्यायला मी तयार आहे, व्यक्तिगत निरोप पाठवा.